इन्सुलेटिंग कव्हरसाठी कोणती प्लास्टिक शीट घ्यायची? लेझर चालू करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा



"सर, लेझर मशीन घेतलंय, पण ऑर्डर कुठून आणू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. की-चेन, नेमप्लेट आणि केक टॉपर करणारे तुमच्या गावात आधीच चार जण आहेत, पाचवे होऊ नका. जवळच्या एमआयडीसीत एक चक्कर मारा. कंट्रोल पॅनेल बनवणारे, इन्व्हर्टरवाले, चार्जरवाले, बॅटरी पॅक जोडणारे, अशा प्रत्येकाला आतमध्ये एक साधं प्लास्टिकचं कव्हर लागतं. बाहेरून ते कुणाला दिसत नाही, पण त्याच्याशिवाय माल बाहेर पडत नाही. मोठा प्लास्टिक मोल्डिंगवाला ५० किंवा २०० नगांसाठी साचा बनवत नाही. तिथे आपली जागा आहे.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाने हे ऐकलं आणि खरंच ऑर्डर आणली. एका पॅनेलवाल्याला २०० कव्हर हवी होती, थ्री फेज टर्मिनलच्या समोर बसवायला. मुलगा खुशीत होता. दुसऱ्या दिवशी तो हातात एक पांढरी, हलकी शीट घेऊन आला. "सर, साइनबोर्डच्या दुकानातून आणली. स्वस्त आहे, ब्लेडनेसुद्धा कापली जाते. उद्या सकाळी लेझरवर टाकतो."

ती शीट होती सनबोर्ड. म्हणजे फोम केलेलं पीव्हीसी.

मी त्याला म्हटलं, "मशीनचं बटण दाबू नकोस. आधी बस." आणि त्याला सहा प्रश्न विचारले. तेच आज तुमच्यासाठी लिहितोय. क्रम लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी मशीन बघतात, मग दुकानात मिळेल ती शीट आणतात आणि शेवटी विचारतात की हे कव्हर नेमकं बसणार कुठे. इन्सुलेटिंग कव्हर म्हणजे वीज आणि माणसाचा हात यांच्यामधली भिंत आहे. भिंत कशाची बांधायची हे आपल्याकडे कुठली करणी आहे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न १ : कव्हर कशासमोर बसणार आहे?

ग्राहक म्हणतो, "हे सॅम्पल घ्या, सेम टू सेम करून द्या." तुम्ही हो म्हणून निघून येऊ नका. वही काढा आणि पाच गोष्टी लिहून घ्या.

पहिली, व्होल्टेज किती? घरगुती २३० व्होल्ट, थ्री फेज ४१५ व्होल्ट की बॅटरीचा डीसी? एसीचा आकडा सरासरीसारखा असतो हे माहीत असू द्या. २३० व्होल्टचं शिखर साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि ४१५ चं साधारण ५८७ पर्यंत.

दुसरी, आजूबाजूला गरम काय आहे? ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, रेझिस्टर कव्हरपासून किती अंतरावर आहे?

तिसरी, आरपार दिसायला हवं का? टर्मिनलवरचे नंबर वाचायचे असतील तर पारदर्शक शीट लागेल. फक्त आडोसा हवा असेल तर काळी किंवा पांढरी चालेल.

चौथी, सपाट आहे की वाकवायचं आहे?

पाचवी, माणसाचा हात तिथे पोचतो का? पोचत असेल तर हवेसाठी ठेवलेल्या फटीसुद्धा महत्त्वाच्या आहेत. आयपी २ एक्स या दर्जाचा अर्थ असा की १२.५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू आत जाता कामा नये आणि चाचणीचं १२ मिलिमीटर जाडीचं बोट आतल्या चालू भागाला लागता कामा नये. तुम्ही हौसेने डिझाइनमध्ये मोठी भोकं ठेवलीत तर कव्हर दिसायला छान होईल, पण पास होणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चालू भाग आणि स्क्रू यांच्यात किती अंतर ठेवायचं, जाडी किती घ्यायची, हे ग्राहकाच्या इंजिनिअरने ड्रॉइंगवर लिहून द्यायचं असतं. ते तुम्ही अंदाजाने ठरवायचं नाही. "ड्रॉइंगवर सही करून द्या साहेब," असं म्हणायला लाजू नका. असं विचारणाऱ्या माणसाला ग्राहक कच्चा समजत नाही, उलट तो गंभीर आहे असं समजतो.

प्रश्न २ : ही शीट नक्की कशाची आहे?

आता येतो तो सनबोर्ड. पीव्हीसीमध्ये वजनाच्या जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन असतं. लेझरच्या उष्णतेने ते सुटतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. तेच ॲसिड तुमच्या डोळ्यांत, घशात, फुप्फुसात जातं. मशीनच्या रेलवर, बेअरिंगवर, लेन्सवरही बसतं. कर्ज काढून घेतलेलं मशीन काही दिवसांत गंजायला लागतं. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणून पीव्हीसी चालेल असं समजू नका, कारण वायू फॅनमधून जाण्याआधी मशीनमधूनच जातो. आणि बाहेर फेकलेला वायू शेजाऱ्याच्या खिडकीत जातो, हेही आहेच.

बाजारात "पीव्हीसी" हे नाव प्रत्येक वेळी लिहिलेलं नसतं. सनबोर्ड, व्हिनाइल, रेक्झिन, फ्लेक्स बॅनर ही सगळी बहुधा पीव्हीसीचीच भावंडं आहेत. वीज विरोध करण्यात पीव्हीसी चांगलंच आहे, वायरवर तेच असतं. म्हणून तर फसायला होतं. माल चांगला आहे, पण लेझरसाठी नाही.

शीट ओळखायची कशी? दोन साध्या परीक्षा आहेत.

पाण्याची परीक्षा : छोटा तुकडा पाण्यात टाका, वर चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. साधी पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी पाण्यावर तरंगते, कारण तिची घनता साधारण ०.९ आहे. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पीईटी आणि भरीव पीव्हीसी बुडतात. पण सनबोर्ड फोम असल्यामुळे तोही तरंगतो, आणि आगरोधक पावडर मिसळलेली पीपी बुडूही शकते. त्यामुळे ही परीक्षा एकटी पुरेशी नाही.

तांब्याच्या तारेची परीक्षा : जाड तांब्याची उघडी तार पकडीत धरून ज्योतीवर लाल करा, ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत. मग गरम तार शीटच्या तुकड्याला टेकवा, प्लास्टिक किंचित चिकटेल. ती तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर शीटमध्ये क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे. ती लेझरवर जाणार नाही, विषय संपला. ही परीक्षा उघड्या हवेत, अगदी कणभर प्लास्टिकवर, वारा तुमच्या पाठीमागून येत असताना करा. धूर नाकात घेऊ नका.

आणि तिसरी परीक्षा सगळ्यात चांगली : दुकानदाराकडे डेटाशीट आणि सेफ्टी डेटाशीट मागा. "सगळे हीच घेतात" हे डेटाशीट नसतं. जो विक्रेता कागद देत नाही त्याच्याकडून केक टॉपरची शीट घ्या, कव्हरची घेऊ नका.

प्रश्न ३ : लेझर या शीटच्या कडेचं काय करतो?

लेझर कापत नाही, तो वितळवतो किंवा जाळतो. आपल्याकडच्या बहुतेक जॉब शॉपमध्ये सीओटू लेझर असतो, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. जवळपास सगळी प्लास्टिकं ती शोषतात. ऑनलाइन मिळणारे छोटे निळे डायोड लेझर वेगळे. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार निघून जातो, त्यामुळे ते त्याला कापू शकत नाहीत. मशीन घेण्याआधी हा फरक समजून घ्या.

आता एकेक शीट बघू.

ॲक्रिलिक : लेझरची सगळ्यात लाडकी. कड काचेसारखी चकचकीत येते, काजळी नाही. सॅम्पल दाखवलं की ग्राहक खूश. पण हिचे दोष पुढच्या दोन प्रश्नांत येतील, ते वाचल्याशिवाय "होऊन जाईल" म्हणू नका.

पॉलिकार्बोनेट : बाजारात हिला कित्येक जण लेक्सान म्हणतात, ते एका ब्रँडचं नाव आहे. हातोडीने फुटत नाही इतकी चिवट. पण सीओटू लेझरवर हिची कड पिवळी, तपकिरी होते आणि काजळी धरते. अर्ध्या मिलिमीटरची पातळ फिल्म निभावून जाते. दीड-दोन मिलिमीटरला कड जळकट होते. ही फक्त दिसण्याची अडचण नाही. काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बन वीज वाहून नेतो. इन्सुलेशनसाठी बनवलेल्या कव्हरच्या कडेलाच आपण विजेसाठी पायवाट तयार करून द्यायची, याला काय अर्थ आहे? म्हणून जाड पॉलिकार्बोनेट सीएनसी राउटरवर कापा.

आगरोधक पीपी : इलेक्ट्रॉनिक्सच्या आत सर्किट बोर्ड आणि धातूची बॉडी यांच्यामध्ये जी पातळ, घडी घातलेली शीट दिसते ती बऱ्याचदा हीच. फॉर्मेक्स हा यातला ओळखीचा ब्रँड. त्यातल्या जीके-१७ ची जाडी ०.४३ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे १७ हजारांश. लेझरवर ती कापली जाते, पण कडेला वितळून बारीक उंचवटा राहतो. वेग जास्त, पॉवर कमी आणि हवेचा झोत चांगला ठेवला की तो आटोक्यात येतो. एक सावधगिरी : काही आगरोधक शीटमध्ये ब्रोमीन असतं. "हॅलोजन फ्री" असं कागदावर लिहिलेलं असेल तरच लेझरवर घ्या.

पीईटी म्हणजे पॉलिएस्टर फिल्म : मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिलिनेक्स म्हणून मिळते ती याच घराण्यातली. पातळ जाडीत लेझर बऱ्यापैकी स्वच्छ कापतो, कडेला किंचित मणी धरतो.

लेदरॉइड पेपर : हाही वाइंडिंगच्याच दुकानात मिळतो. लेझर कापतो, पण कड करपते. शिवाय हा कागद असल्यामुळे दमट हवेत ओलावा धरतो. कोकणात पाठवायच्या मालासाठी दोनदा विचार करा.

हायलम आणि ग्लास इपॉक्सी : पॅनेलमध्ये या दोन्ही खूप चालतात, उष्णतेला टिकतात. पण लेझरवर नकोत. हायलम करपते आणि उग्र धूर सोडते. ग्लास इपॉक्सीतली काच सीओटू लेझरला नीट जुमानत नाही. या राउटर किंवा करवतीच्या शीट आहेत, आणि कापताना धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि मास्क हवाच.

एबीएस : वितळून ओघळते, धूर घाण असतो आणि त्यात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. टाळा.

टेफ्लॉन : फ्लोरिनचे विषारी वायू सुटतात. लेझरवर अजिबात नाही.

प्रश्न ४ : आग लागली तर ही शीट काय करेल?

हा प्रश्न नवशिके विचारतच नाहीत. "सर, प्लास्टिक आहे, वीज जात नाही, झालं की!"

मित्रांनो, वीज अडवणं हे काम जवळजवळ प्रत्येक प्लास्टिक करतं. चांगल्या शीटची एक मिलिमीटर जाडी प्रयोगशाळेत दहा हजार व्होल्टच्या वर सहज टिकते. आपल्या ४१५ व्होल्टसाठी हे भरपूर आहे. मग पॅनेल का जळतात? टर्मिनलचा स्क्रू सैल होतो, तिथे गरम होतं, ठिणगी पडते आणि समोरचं कव्हर पेट घेतं. तिथे शीट वीज अडवते का यापेक्षा ती पेटते का हा प्रश्न मोठा असतो.

यासाठी यूएल ९४ नावाची चाचणी आहे. व्ही-झीरो दर्जासाठी पट्टी उभी धरतात, खालून दहा सेकंद ज्योत लावतात, काढतात, पुन्हा दहा सेकंद लावतात. प्रत्येक वेळी पट्टी दहा सेकंदांच्या आत विझायला हवी आणि तिच्यातून पडलेल्या थेंबाने खालचा कापूस पेटता कामा नये. व्ही-टूमध्ये विझायला तीस सेकंदांची मुभा आहे आणि कापूस पेटला तरी चालतो. एचबी म्हणजे आडवी धरलेली पट्टी पेटते, फक्त ठरावीक वेगापेक्षा हळू जळते.

साधं ॲक्रिलिक एचबीमध्ये येतं. म्हणजे ते पेटतं, जळत राहतं आणि पेटते थेंबही टाकतं. त्यामुळे जिथे व्ही-झीरो मागितलंय तिथे ॲक्रिलिक कितीही सुंदर कापलं गेलं तरी बाद. पॉलिकार्बोनेटचे आणि पीपीचे व्ही-झीरो ग्रेड मिळतात, पण ते मागून घ्यावे लागतात. साधी पीपी आगरोधक नसते, तीही छान पेटते.

आता या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ : हा दर्जा जाडीनुसार असतो. एखादी शीट १.५ मिलिमीटरला व्ही-झीरो असेल म्हणून तीच शीट ०.५ ला व्ही-झीरो असेलच असं नाही. पातळ शीट लवकर पेटते. यूएलच्या नोंदीत, ज्याला यलो कार्ड म्हणतात, प्रत्येक जाडीपुढे दर्जा लिहिलेला असतो आणि त्या फाइलचा नंबर ई या अक्षराने सुरू होतो. विक्रेत्याकडून तो नंबर घ्या, ऑनलाइन तपासा, तुमची जाडी त्यात आहे का बघा.

आणखी एक आकडा डेटाशीटवर दिसेल, सीटीआय. धूळ आणि ओलावा बसलेल्या पृष्ठभागावरून वीज हळूहळू काळी वाट पाडते, त्याला ट्रॅकिंग म्हणतात. सीटीआय जितका जास्त तितकी शीट ही वाट पडू न देण्यात चांगली. पीपी यात वरच्या गटात, ६०० च्या आसपास असते. पॉलिकार्बोनेट बरंच खाली असतं. म्हणजे पॉलिकार्बोनेट वाईट का? नाही. पण पिठाच्या गिरणीतल्या किंवा सिमेंटच्या धुळीतल्या पॅनेलसाठी कव्हर करताना ग्राहकाच्या इंजिनिअरसमोर हा मुद्दा ठेवा.

प्रश्न ५ : उष्णता, वाकवणं आणि पुसणं यात ती टिकेल का?

ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट साधारण १४७ ला. पीपी १६० ते १६५ अंशांच्या दरम्यान वितळते. पण वापराचं तापमान यापेक्षा बरंच खाली ठेवावं लागतं. ॲक्रिलिकला सतत ८० अंशांच्या वर ठेवू नका. एप्रिलमध्ये विदर्भात पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलच्या आत काय तापमान होत असेल, विचार करा.

वाकवण्याचं गणित वेगळं. पातळ पीपीला लेझरने हलकी रेघ मारली की ती बिजागरीसारखी दुमडते, पुन्हापुन्हा उघडझाक केली तरी तुटत नाही. पॉलिकार्बोनेट थंड अवस्थेत बेंडिंग मशीनवर वाकतं. ॲक्रिलिक थंड वाकवलंत तर तुटणार, त्याला हीटरच्या तारेवर गरम करूनच वाकवावं लागतं.

आणि पुसणं! आमच्याच वर्कशॉपमध्ये घडलेली गोष्ट सांगतो. ॲक्रिलिकची कव्हर कापली, छान दिसत होती. पॅकिंगच्या आधी एकाने बोटांचे डाग काढायला थिनरचा बोळा फिरवला. अर्ध्या तासात प्रत्येक कडेपासून आत केसासारख्या भेगा. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण साठलेला असतो, थिनर किंवा स्पिरिट लागलं की तो भेगांच्या रूपाने बाहेर येतो. सगळा लॉट भंगारात. तेव्हापासून नियम : ॲक्रिलिक असो की पॉलिकार्बोनेट, कोमट साबणाचं पाणी आणि मऊ कापड. संरक्षक फिल्म ग्राहकाकडे जाईपर्यंत काढायची नाही.

प्रश्न ६ : नग किती, आणि हिशोब बसतो का?

आता पैशाकडे येऊ. शीट निवडणं म्हणजे खर्च निवडणं.

समजा कव्हर उलगडून सपाट केल्यावर १८० बाय १२० मिलिमीटर आहे, दोन नगांमध्ये ६ मिलिमीटर जागा सोडतोय आणि तुमचा बेड ९०० बाय ६०० आहे. कव्हरची लांब बाजू बेडच्या लांबीला ठेवली तर आडवे ४, उभे ४, एकूण १६ नग बसतात. तीच कव्हर फिरवून ठेवली तर ७ गुणिले ३, म्हणजे २१ नग. २०० नगांसाठी पहिल्या पद्धतीने १३ तुकडे लागतात, दुसऱ्या पद्धतीने १०.

आठ बाय चार फुटांच्या शीटमधून, म्हणजे २४४० बाय १२२० मधून, ९०० बाय ६०० चे ५ तुकडे निघतात. म्हणजे एका पद्धतीने ३ शीट, दुसरीने २. फक्त कव्हर फिरवून ठेवण्याने एक अख्खी शीट वाचली! वर दहा नग जास्तीचे मिळाले, खराब निघाले तर बदलायला. कोटेशन देण्याआधी कागदावर हे चित्र काढा. पीपी किंवा पीईटी रोलमध्ये किंवा वेगळ्या मापात येते, तिथे विक्रेत्याचं माप विचारून पुन्हा गणित करा.

कर्फ विसरू नका. लेझर कापताना साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर माल जाळतो. भोक तेवढं मोठं होतं, बाहेरचं माप तेवढं लहान. नवीन शीट आली की आधी एक चौकोन कापून व्हर्निअरने मोजा.

आता लेझर की डाय? पातळ पीपी आणि पीईटीसाठी लाकडात पट्टीची पाती बसवलेली डाय बनवून पंचिंग करता येतं. कड थंड कापली जाते, काजळी नाही, धूर नाही. समजा डायचा खर्च ६,००० रुपये, लेझरवर एका नगाची कटिंग ९ रुपये आणि पंचिंगची २ रुपये. एका नगामागे ७ रुपये वाचतात. ६,००० भागिले ७ म्हणजे साधारण ८५७. याचा अर्थ ८५० च्या खाली लेझर परवडतो, त्याच्या वर डाय. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले दर टाकून स्वतः काढा. पण गणित हेच. लेझरची खरी ताकद सॅम्पल आणि छोट्या लॉटमध्ये आहे. ग्राहकाने पाच वेळा ड्रॉइंग बदललं तरी तुम्ही हसत हसत पाचवं सॅम्पल देऊ शकता. डायवाला देऊ शकत नाही.

कोटेशनमध्ये हे धरा : शीट (वाया जाणाऱ्या तुकड्यांसकट), कटिंगचा वेळ, वाकवणं, सफाई, दर शंभर नगांमागे किती बाद होतील ते, आणि वाहतूक. शिवाय मटेरियलचं नाव, ग्रेड आणि जाडी कोटेशनवर लिहा. "प्लास्टिक कव्हर, २०० नग" असं लिहू नका. "पॉलिकार्बोनेट, यूएल ९४ व्ही-झीरो, २ मिमी, पारदर्शक" असं लिहा. उद्या कुणी स्वस्त दर दिला तर ग्राहकाला कळेल की तो कशाशी तुलना करतोय.

मग त्या २०० कव्हरचं काय झालं?

मुलाने सनबोर्ड परत केला. पॅनेलवाल्याकडे गेला आणि वही काढून पाचही गोष्टी विचारल्या. कळलं की पारदर्शक हवं, व्ही-झीरो हवं आणि सर्व्हिसवाल्याचा हात तिथे जातो. म्हणजे दोन मिलिमीटरचं व्ही-झीरो पॉलिकार्बोनेट. आणि ते त्याच्या लेझरवर नीट होणार नव्हतं.

तो जरा खट्टू झाला. "सर, मशीन असून काम बाहेर द्यायचं?" मी म्हटलं, "ग्राहक तुझ्याकडून लेझर विकत घेत नाही, कव्हर विकत घेतोय." त्याने आपल्या लेझरवर जाड पुठ्ठ्याचं सॅम्पल कापून पॅनेलवर बसवून पाहिलं, दोन भोकांची जागा सुधारली, ड्रॉइंगवर सही घेतली. मग त्याच शेडच्या रांगेतल्या सीएनसी राउटरवाल्याकडून जॉबवर्कने कटिंग करून घेतलं. सफाई, तपासणी, पॅकिंग त्याचं. नफा त्याला वाटला होता तेवढा उरला नाही. पण माल एकही परत आला नाही.

महिन्याभराने त्याच पॅनेलवाल्याने एका चार्जर बनवणाऱ्याला त्याचं नाव सांगितलं. त्यांना पातळ, हॅलोजन फ्री आगरोधक पीपीचे घडीचे इन्सुलेटर हवे होते, दर खेपेला ६०-७० नग, दर वेळी थोडा बदल. हे मात्र अगदी लेझरचं काम. आज मशीनचा हप्ता त्यावर निघतो.

काम सुरू करण्याआधी भिंतीवर लावा

१. व्होल्टेज, उष्णता, पारदर्शकता, घडी, हात पोचतो का, हे पाच मुद्दे लिहून घेतले?
२. ड्रॉइंगवर ग्राहकाची सही आहे?
३. शीटची डेटाशीट हातात आहे? पीव्हीसी नाही याची खात्री केली?
४. आगरोधक दर्जा माझ्याच जाडीला लागू आहे?
५. कडेवर काजळी नाही ना? असेल तर पद्धत बदला, पुसून लपवू नका.
६. एक नग कापून, वाकवून, प्रत्यक्ष बसवून पाहिला?
७. एक्झॉस्ट चालू, हवेचा झोत चालू, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि मशीन चालू असताना तिथून हलायचं नाही. प्लास्टिक कापताना चहाला गेलेल्या माणसाचं मशीन जळू शकतं.

एक शेवटची गोष्ट. इन्सुलेशनची हाय व्होल्टेज चाचणी घरी जुगाड करून घेऊ नका. ती ग्राहकाच्या क्वालिटी विभागात किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये होऊ द्या. तुमचं काम योग्य शीट, योग्य माप आणि स्वच्छ कड देणं. आणि जे माहीत नाही ते "माहीत नाही, विचारून सांगतो" असं म्हणणं. व्ही-झीरो नसलेल्या शीटला व्ही-झीरो म्हणून विकलं तर कदाचित कधीच कुणाला कळणार नाही. पण ज्या दिवशी कळेल त्या दिवशी त्या पॅनेलसमोर कुणीतरी उभं असेल.

पुढच्या व्हिडिओत तांब्याच्या तारेची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवणार आहे. तोपर्यंत तुमच्याकडे पडलेल्या शीटच्या तुकड्यांवर मार्करने नाव लिहून ठेवा. ज्याचं नाव लिहिता येत नाही तो तुकडा वेगळ्या डब्यात टाका, लेझरवर नको.

भेटूया. काम करत रहा, विचारत रहा!